आधी तरंगी सरकवा, मग आमिष बदला: इंदूरच्या तळ्यांवर रोहू-मृगळासाठी गळ

तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तासभर बसून तरंगी (दोऱ्यावर बांधलेली, ठोका दाखवणारी तरंगती काडी) हलली नाही की बहुतेक जण पहिल्यांदा आमिषाकडे वळतात. कणकेच्या जागी गांडूळ, गांडुळाच्या जागी पाव, पावाच्या जागी शेजारच्या काकांकडून मागून आणलेला 'खास' गोळा. मासा बिचारा गळाच्या दोन हात खाली निवांत चरत असतो. त्याच्या डोक्यावर काय लटकलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. गळ टाकण्यात खोली मोजायला एक पैसाही लागत नाही, तरी सगळ्यात जास्त कंटाळा त्याचाच केला जातो. काठी, रील, आमिष यांचं पुढे येतंच, पण या टिपणातला बराच भाग त्या दोन हातांविषयी आहे.

आधी परवानगीचं

मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा मासेमारीचा बंद ऋतू. नदीय मत्स्योद्योग नियम, 1972 मध्ये तो आहे. रोहू, कटला, मृगळ याच दिवसांत वाहत्या पाण्यात अंडी घालतात, आणि पोट भरलेली मादी उचलली तर पुढच्या दोन-तीन वर्षांचा मासा उचलल्यासारखं होतं. नियम मोडला तर वर्षभरापर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नदी-नाल्याशी ज्यांचा संबंध नाही अशा लहान तळ्यांना यातून सूट आहे. पण आपलं तळं त्यात बसतं का, ते पावसाळ्यात ओसंडून कुठे वाहतं हे बघून ठरवा, मनाने ठरवू नका.

बाकीच्या दहा महिन्यांतही तळं कुणाचं आहे हे विचारायचंच. गावोगावची तळी मच्छीमार समित्यांना पट्ट्यावर दिलेली असतात. त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं. 'एकच काठी आहे हो' म्हणून ते बीज आपलं होत नाही. सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही तळी 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. सिरपूर पक्ष्यांचं, तिथे दुर्बीण न्या. यशवंत सागर हे इंदूरच्या पिण्याच्या पाण्याचं तळं, तिथे विचारल्याशिवाय बसायचं नाही. महेश्वर-ओंकारेश्वरच्या घाटांवर लोक माशांना श्रद्धेने कणकेच्या गोळ्या घालतात. तिथे गळ काढणं म्हणजे पंगतीत वाढपी असताना ताट पळवणं. नवशिक्यांसाठी सगळ्यात बरी जागा म्हणजे ओळखीतल्या शेतकऱ्याची तलाई: पाणी छोटं, मासा माहितीचा, आणि परवानगी चहाच्या कपावर मिळते.

मे महिन्यात फोटो काढून ठेवा

माळव्यातली तळी उन्हाळ्यात उतरतात. पाळीपासून पंचवीस-तीस फूट तळ उघडा पडतो. गळ न टाकताही तळ्यावर जाण्याचा हाच मुहूर्त. बुडालेली विहीर, बाभळीचे खुंट, जुन्या नाल्याची घळ, दगडांची ओळ हे सगळं दिसतं. पाळीवरचं एखादं ठळक झाड किंवा खांब चौकटीत ठेवून फोटो काढा, म्हणजे ऑक्टोबरात पाणी चढल्यावर 'त्या खांबासमोर वीस पावलांवर घळ' हे कळेल.

मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्पला इकडे सगळे सायप्रिनसच म्हणतात) या घळीच्या काठाने चरत जातात. रोहू उतार संपून तळ सपाट होतो त्या टप्प्यावर येतो. खुंटांच्या अगदी जवळ मासा असतोच, पण लागला की सरळ खुंटात शिरतो. तिथून निदान चार-पाच हात अलीकडे टाका.

खोली कशी मोजायची

लागतं इतकंच: 15 ते 20 ग्रॅमची शिशाची गोळी, म्हणजे तुमच्या तरंगीला सहज बुडवेल एवढी. ती गळात अडकवा आणि जिथे आमिष पडणार नेमकं तिथेच टाका. दोन हात इकडे-तिकडे टाकून उपयोग नाही, कारण उतारावर दोन हातांत खोली वीतभर बदलते.

आता तरंगीकडे बघा. ती पूर्ण बुडाली, तर गळापासून तरंगीपर्यंतचं अंतर पाण्यापेक्षा कमी आहे. तरंगी काठीच्या टोकाकडे सरकवा. ती आडवी पडली आणि दोरा ढिला दिसला, तर अंतर जास्त आहे, खाली सरकवा. टोक जेमतेम पाण्याबाहेर उभं राहिलं की जमलं. ही खोली विसरायची नाही: गळ काठीच्या मुठीशी टेकवा, दोरा काठीच्या अंगाने ताणा आणि तरंगी येते तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावा. दोरा तुटून सगळं नव्याने बांधावं लागलं तरी खोली पट्टीवर लिहिलेली राहते.

एवढं झाल्यावर मग कुठला मासा हवाय ते ठरवा.

मृगळ आणि सायप्रिनस तळाचे. तरंगी मोजलेल्या खोलीपेक्षा तीन-चार बोटं वर सरकवा, म्हणजे आमिष तळावर आडवं पडेल आणि थोडा दोराही तळाला टेकेल.

रोहू मधल्या थराचा मासा, पण चारा टाकला की खाली येतो. सुरुवात तळाला जेमतेम टेकून करा. अर्ध्या तासात काही नाही, तर आमिष एक वीत वर, म्हणजे तरंगी तेवढी गळाकडे. आणखी अर्ध्या तासाने आणखी वीतभर. तरंगी सरकवा म्हणतात ते हेच. तीन वितींपर्यंत चढलात आणि तरीही शांतता, तर मग खुशाल आमिषाला दोष द्या.

कटला वरच्या थरात राहतो. तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत, पाण्यात तरंगणारं बारीक अन्न गाळून खातो. त्याच्यासाठी पृष्ठभागापासून दोन ते चार फूट खाली. तळ्याची खोली वीस फूट असली तरी हे अंतर तेवढंच. कटल्यासाठी तळाला गळ टाकून बसणाऱ्यांना संध्याकाळपर्यंत फक्त खेकडे भेटतात.

पाणी काठीच्या लांबीपेक्षा खोल असेल तर पक्की बांधलेली तरंगी चालत नाही, फेकताच येत नाही. तिथे सरकती तरंगी लावा. दोऱ्यावर हव्या त्या खोलीला वेगळ्या जाड सुती दोऱ्याची गाठ मारा. गाठीखाली तुटलेल्या माळेतला एक बारीक मणी आणि त्याखाली बुडाला कडी असलेली तरंगी. फेकताना तरंगी खाली शिशापाशी राहते. पाण्यात पडल्यावर दोरा तिच्यातून सरकत जातो आणि मणी गाठीला अडकला की थांबतो. गाठीची टोकं बोटभर लांब ठेवा. आखूड कापली तर ती काठीच्या कड्यांत अडकतात आणि फेक मध्येच तुटते.

मोराचं पीस आणि सायकलची नळी

दुकानातल्या रंगीत प्लास्टिकच्या गोल तरंग्या दिसायला छान. पण त्या फुगीर असल्यामुळे मृगळाचा हलका ठोका त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मोरपिसाचा दांडा सगळ्यात बरा. गळून पडलेलंच पीस घ्या (मोर संरक्षित पक्षी आहे, आणि पावसाळ्यानंतर शेतात पिसं आपोआप मिळतात). जाड बुंध्याकडचा सहा-सात इंचांचा तुकडा कापा, कडेचे केस ब्लेडने खरवडून काढा, कापलेल्या तोंडावर फेविक्विकचा थेंब द्या म्हणजे आत पाणी शिरणार नाही. वरच्या इंचभराला नखांचं लाल पॉलिश. मावळतीला पाणी चकाकतं तेव्हा लालही दिसत नाही, त्या वेळेसाठी काळ्या टोकाची दुसरी तरंगी ठेवा.

बांधायला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. तिचे चार-पाच मिलिमीटरचे दोन तुकडे दोऱ्यात ओवायचे आणि दांडा दोन्हीकडून त्यांत खोचायचा. खोली बदलायची की तरंगी नुसती सरकवायची, गाठ सोडायची नाही. रबर ओलं करून सरकवा. कोरडं सरकवलं की दोरा घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो.

शिसं इतकं लावा की लाल टोक जेमतेम बोटाच्या पेराएवढं बाहेर राहील. तीन इंच बाहेर ठेवलेली तरंगी म्हणजे माशाला प्रत्येक ठोक्याला तेवढं जास्त ओझं ओढायला लावणं. बरंचसं शिसं तरंगीच्या खाली मधोमध आणि एक छोटी गोळी गळापासून तीन-चार इंचांवर. तळाच्या माशाने आमिष उचललं की ही छोटी गोळीही उचलली जाते, आणि तरंगी बुडायच्या ऐवजी वर येते, कधी आडवी पडते. नवशिके ती बुडायची वाट बघत बसतात आणि मासा आमिष थुंकून निघून जातो. शिशाची गोळी दाताने दाबायची सवय मात्र सोडा. शिसं विषारी आहे, छोटी पक्कड दहा मिनिटांत हातात बसते.

काठी, तंगूस, गळ

इथे फार वेळ घालवण्यासारखं नाही. रीलशिवायच्या बांबूला किंवा घडीच्या काठीला 12 ते 15 फूट लांबी पुरे. रील लावायची तर 9-10 फुटांची मध्यम लवचीक काठी. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, 0.30 मिमी, जो साधारण सहा किलोवर तुटतो. त्यापेक्षा जाड तंगूस म्हणजे मोठा मासा नव्हे, फक्त कमी ठोके. गळ रोहू-मृगळासाठी 4 ते 8 नंबर. नंबर वाढला की गळ लहान होतो. दुकानात '12 नंबर द्या, मोठा' म्हणणारे रोज दिसतात, आणि घरी जाऊन पुडीत मुंगीएवढे गळ बघतात. एका गोळ्यात चार गळ गुंफण्याची पद्धत अजून बरेच जण सोडत नाहीत. एक गळ तोंडात आणि तीन गालफडात, डोळ्यात, हातात. एकच गळ, टोक नखावर टेकवल्यावर घसरण्याऐवजी रुतणारं, एवढंच हवं.

गाठ मारताना गळाच्या कडीतून दोरा काढा, टोकाने मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक कडीजवळच्या पहिल्या फासातून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फासातून काढा. आवळण्याआधी थुंकीने ओलं करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस तापतो आणि गाठीपाशी जोर गमावतो.

कणीक

इंदुरात माशाच्या कणकेत काय काय घालतात याची यादी केली तर सराफ्यातल्या एखाद्या ठेल्याचं मेनूकार्ड होईल. कुणी वेलदोडा, कुणी व्हॅनिला, कुणी चक्क जिरावण. 'भिया, पोह्यांवर चालतं तर रोहूला का नाही?' हा युक्तिवाद पाळीवर अगदी गंभीरपणे होतो. जिरावणात मीठ आणि बाकीचे मसालेच जास्त, हिंग नावाला. हिंगच हवा असेल तर सरळ हिंग घाला.

एका दिवसाचं प्रमाण:

कणीक 200 ग्रॅम, भाजलेलं बेसन 50 ग्रॅम, शेंगदाण्याची पेंड कुटून चाळून 50 ग्रॅम, चहाचा एक चमचा गूळ आणि दोन चिमटी हिंग. गूळ विरघळवलेलं पाणी सुमारे 130 मिली, म्हणजे वाटीला थोडं कमी. एकदम ओतू नका. मळून झाल्यावर ती पोळीच्या कणकेसारखी नको, पुरीच्या कणकेसारखी घट्ट हवी. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. या अर्ध्या तासात तिला ताण येतो, लगेच वापरली तर पाण्यात दहा मिनिटांत विरघळते.

मग कापूस. देवघरातली एक फुलवात घ्या, तिचे धागे अगदी विरळ करा आणि लिंबाएवढ्या गोळ्यात मळा. गोळा तोडताना बारीक तंतू ताणलेले दिसले पाहिजेत. कापसाने गोळा फेकताना निसटत नाही आणि पुठ्या नावाच्या बारक्या माशांनी टोचून टोचून तो रिकामा होत नाही. दोन वाती घातल्या तर मात्र तो इतका चिवट होतो की गळाचं टोक बाहेरच येत नाही, आणि झटका दिला की गोळा जसाच्या तसा परत येतो.

घरून निघण्याआधी परीक्षा करा. गळावर गोळा लावून पाण्याच्या पेल्यात सोडा. वीस मिनिटांनी तो गळावर टिकलेला हवा, पण अंगठ्याने दाबला की सहज चपटा व्हायला हवा. वीस मिनिटं टिकत नाही तर कणीक वाढवा. दाबला जात नाही तर ओला हात लावून पुन्हा मळा. तेलाचा हात लावू नका, तेलाने गोळ्याचा वास पाण्यात उतरत नाही. तळहाताला डासांचं मलम, पेट्रोल, तंबाखू लागलेली असेल तर तळ्याच्या चिखलानेच हात चोळून धुवा.

गोळ्याचा आकार रोहूला सुपारीएवढा, मृगळाला हरभऱ्याहून थोडा मोठा. कटल्याला हा चिवट गोळा चालत नाही. त्याला पाण्यात ढगासारखं विरघळणारं हवं: सातू किंवा भाजलेल्या चण्याचं पीठ, पाण्याचा हबका मारून जेमतेम दाबलेलं, आवळ्याएवढं. दर सात-आठ मिनिटांनी नवं लावावं लागतं. कंटाळा येत असेल तर कटल्याच्या नादी लागू नका.

चारा: मूठभर, घमेलंभर नाही

चारा माशाला पोटभर जेवायला घालण्यासाठी नसतो. वासाने त्याला बोलवायचं आणि अर्धपोटी ठेवायचं.

शेंगदाण्याची पेंड 1 किलो, गव्हाचा कोंडा 500 ग्रॅम, जाड पोहे 500 ग्रॅम, गूळ 100 ग्रॅम, आणि भाजून भरड केलेले मेथी दाणे दोन मोठे चमचे. पेंड छावणीच्या किंवा सियागंजच्या बाजारात मिळते. इंदुरात सोयाबीनची पेंड सगळीकडे आणि स्वस्त, पण तिच्यातलं तेल कारखान्यातच काढून घेतलेलं असतं, म्हणून वास फिका. ती कोंड्याच्या जागी भर म्हणून चालेल, शेंगदाणा पेंडीच्या जागी नाही. सरकीची पेंड गुरांना द्या. तिचा कापूसमिश्रित भुसा तळावर गादीसारखा बसतो आणि तुमचा गळ त्यातच लपतो.

पेंड आदल्या रात्री बुडेल इतक्याच पाण्यात भिजवा. हिवाळ्यात बारा तास, एप्रिल-मेमध्ये सहा. किंचित आंबूस झाली तर चांगलंच, फेस येऊन नाक दाबावं लागलं तर फेका. पोहे फक्त धुवून निथळा, आपल्याला करतो तसेच. शेव नको. तिच्यातलं तेल वर तरंगतं आणि मिठाचा इथे काही उपयोग नाही. शेव डब्यात ठेवा, दुपारी लागेल.

गोळे बांधायला थोडी माती लागते, म्हणजे ते तळाशी जातात. आपली काळी माती भिजली की फुगते आणि चिकट होते. सगळं मिळून दोन मुठींपेक्षा जास्त घातली तर गोळा संध्याकाळपर्यंत तळावर दगडासारखा पडून राहतो. एक गोळा बादलीत टाकून बघा: पाच मिनिटांत फुटायला लागला पाहिजे. पडता पडताच फुटला तर आणखी दाबा, दहा मिनिटांनीही अखंड असेल तर कोंडा वाढवा.

सुरुवातीला मोसंबीएवढे सहा गोळे, सगळे मोठ्या सतरंजीएवढ्या जागेत. हात चुकत असेल तर समोरच्या काठावरचा एक खुंट किंवा झाड धरून त्याच रेषेत फेका. मग दर अर्ध्या तासाने लिंबाएवढा एक. ठोके पडत असताना चारा टाकू नका. चाराच चारा दिसला की मासा तुमचा गोळा ओळखून बाजूला ठेवतो असं म्हणतात. खरं कारण साधं आहे: हजार दाण्यांत तुमचा एक दाणा त्याला सापडतच नाही.

थंडीत प्रमाण निम्मं करा. पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की कार्प कमी खातात, 14 च्या आसपास रोहू जवळजवळ गप्प होतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाच वाजता कुडकुडत पाळीवर जाण्यात शौर्य आहे, मासा नाही. अकरा ते तीन बसा. मे महिन्यात उलट: उजाडताना आणि मावळतीला. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा खरा हंगाम, पाणी भरलेलं, कोमट आणि गढूळपणा बसलेला.

ठोका वाचणं

तरंगी टिकटिक नाचतेय आणि थांबत नाही: पुठ्या किंवा बारकी पिल्लं. गोळा मोठा करा, नाहीतर खोली वाढवा.

दोन-तीन हलके ठोके, मग थोडी शांतता, मग तरंगी तिरकी होऊन सावकाश जायला लागते: रोहू. त्याचे ओठ झालरीसारखे, तो आधी चोखतो. पहिल्या ठोक्याला झटका देऊ नका, तरंगी चालायला लागली की द्या.

तरंगी थरथरते, किंचित वर येते, आडवी पडते: मृगळ किंवा सायप्रिनस. वर आली की लगेच.

काही सूचना न देता तरंगी थेट गायब: कटला, किंवा तुम्ही मोबाइल बघत होतात.

तरंगी अगदी हळू, एकाच वेगाने बाजूला जाते, आणि झटका दिल्यावर ओल्या पोत्यासारखं जड लागतं: बहुधा कासव. त्याला दोऱ्याने उचलून काठावर आपटू नका. पाण्यातच जाळीत घ्या, चिमट्याने गळ काढा, खोल गेला असेल तर दोरा तोंडाजवळ कापा आणि सोडून द्या. बरीच कासवं कायद्याने संरक्षित आहेत, पाठीवर बसवून फोटो काढण्यासाठी नाहीत.

गोळा दर वेळी साफ, दोऱ्यावर बारीक चरे: खेकडा. आमिष तळापासून वीतभर उचला.

आणि झटका म्हणजे मनगटाचा. खांद्यापासून काठी उपसली की रोहूचा मऊ ओठ फाटतो आणि गळावर ओठाचा तुकडा तेवढा येतो.

लागल्यावर

रीलचा ब्रेक दोऱ्याच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शावर ठेवा, सहा किलोच्या तंगूसला दोन किलो. अंदाजाने नको. दोऱ्याचं टोक सामान तोलायच्या हुकवाल्या काट्याला बांधा, काठी वाकवून ओढा आणि दोन किलोला रील दोरा सोडू लागते का बघा.

मासा ओढतोय तेव्हा ओढू द्या, थांबला की काठी वर उचला, मग खाली आणताना गुंडाळा. दोरा सुटत असताना हँडल फिरवत राहिलात तर मासा जवळ येत नाही, फक्त दोऱ्याला पीळ पडतो, आणि पुढच्या फेकीला त्याचा पक्ष्याचं घरटं झालेला गुंता रीलवर बसतो. माशाचं तोंड पाण्यावर आलं, त्याने एक-दोनदा हवा घेतली, की दमला. जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा तिच्यावर आणा. जाळी घेऊन माशामागे धावलं की काठाला येऊनही तो निसटतो. बहुतेक 'मोठे' मासे असेच जातात.

सुटला तर दोऱ्याचं टोक बघा

'एवढा होता!' म्हणून हात पसरण्याआधी, आणि शेजारी 'काल तर याहून आखूड होता म्हणालात' असं म्हणण्याआधी, तुटलेलं टोक हातात घ्या. तिथे सगळं लिहिलेलं असतं.

टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं: गाठ सुटली. वेढे कमी होते किंवा नीट आवळली नव्हती.

टोकाच्या आधी बोट-दोन बोटं दोरा खरखरीत: दगड किंवा खुंटाला घासला. जागा बदला आणि खरखरीत भागाच्या वर हातभर दोरा कापून टाका.

टोक साफ आणि गुळगुळीत, गाठीपासून लांब: नुसता ताण. ब्रेक फार घट्ट होता, किंवा तंगूस जुना झालाय. उन्हात राहिलेला तंगूस दिसायला ठीक असतो पण कडक होतो. बोटाने ताणून झटका द्या, सहज तुटला तर सगळा बदला. रील गाडीच्या काचेखाली ठेवू नका.

दोरा शाबूत, गळ सरळ झालेला: गळ हलका. त्याच कंपनीचा जाड तारेचा घ्या.

गळावर एकच खवला: मासा तोंडाला नाही, अंगाला लागला होता. तुमचा चारा जास्त झालाय, मासे आमिष न खाता दाटीत फिरताहेत. अर्धा तास चारा बंद.

काट्याचे मासे

शिंगी, टेंगरा, मांगूर रात्री किंवा गढूळ पाण्यात गांडुळाला लागतात. तिघांनाही कल्ल्यामागे दोन्ही बाजूंना काटे. शिंगीचा काटा विषारी, आणि दुखणं असं की मोठा माणूसही गप्प बसत नाही. पंजाने पकडू नका. ओल्या फडक्यात घेऊन चिमट्याने गळ काढा. टोचलाच तर जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाण्याचा चटका दुसऱ्या, न टोचलेल्या हाताने तपासा, कारण सुन्न झालेला हात भाजतो तरी कळत नाही. काटा आत तुटला असेल किंवा सूज चढत असेल तर डॉक्टर, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

थाई मांगुराच्या पालनावर देशात 2000 पासून बंदी आहे. तो गळाला आला तर पुन्हा पाण्यात सोडू नका, तळ्यातली बाकीची पिल्लं तो फस्त करतो. महाशीर लागला तर उलट. तो 2011 पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे, नर्मदेवर धरणं झाल्यापासून कमी होत गेलेला. हात ओले करा, कोरड्या फडक्याने धरू नका, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. पाण्यातच गळ काढा. दमला असेल तर तोंड प्रवाहाकडे करून पोटाखाली हात ठेवा, शेपटीने स्वतः ढकलून निघेपर्यंत.

नर्मदेत धरणाच्या खाली बसायचं असेल तर लख्ख ऊन पडलेलं असतानाही पाणी चढू शकतं हे लक्षात ठेवा. काठावर पाण्यालगत एक काडी रोवा. ती ओली झाली की सामान न आवरता वर या. ढग गडगडले की कार्बनची काठी खाली ठेवा, ती वीज वाहून नेते. हाच धोका डोक्यावरून जाणाऱ्या तारांचा.

उठताना उरलेला चारा पाण्यात ओतू नका. कुजला की तळाचा प्राणवायू खातो आणि दुसऱ्या दिवशी मासा त्या जागेकडे फिरकत नाही. तो घरी आणून शेणाच्या किंवा खताच्या ढिगात टाका. तुटलेला तंगूस मात्र खिशात घाला, काठावर सोडलात तर टिटवीच्या पायात अडकतो. काठीचे शेवटचे दोन हात दोरा कापून टाका, गळ गोड्या पाण्याने धुवून वर्तमानपत्रात गुंडाळा, आणि खोलीची चिकटपट्टी काठीवर तशीच राहू द्या. पुढच्या रविवारी पाणी किती उतरलं ते तिच्यावरूनच कळेल.